निंबाखालचा फलाट

या, असे जवळ या. दाराशी कशाला बसता, सतरंजी पुढंसुद्धा तेवढीच मऊ आहे. कथेला बसलेल्यानं मधे उठू नये असा कीर्तनाचा दंडक आहे, पण आज तो मी सैल करतो. कुणाला तहान लागली तर खुशाल उठा, घोटभर पाणी प्या आणि परत जागेवर या. कारण आज सांगणार आहे ती गोष्ट उन्हाची, पाण्याची आणि एका उघड्या दाराची आहे. तिच्यात देव आहे, पण तो फारसा बोलत नाही. शेळ्या आहेत, त्या पुष्कळ बोलतात.

औशाच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून आत वळलं की निंबळवाडी लागते. तिथले अण्णाराव म्हणजे एस.टी.चे रिटायर झालेले कंट्रोलर. उभा जन्म स्टँडवरच्या खिडकीत, माइकसमोर गेला. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे वाक्य जिभेत इतकं मुरलं होतं की घरात चहा मागायचा तरी ते आधी घसा खाकरत. तो आवाज ऐकला की त्यांची बायको सिंधुताई आतूनच म्हणायची, "लक्ष दिलंय. दूध नासलंय. गाडी रद्द."

संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असे. तिथं अण्णाराव टाळ धरत. टाळ चांगला वाजवत, फक्त मृदंगाच्या किंचित आधी. गाडी लागायच्या आधी पुकारा करायची सवय. ती टाळातही उतरली होती. मृदंग वाजवणारे ग्यानोबा, म्हणजे त्यांचे शेजारी, दर एकादशीला यावरून भांडत आणि द्वादशीला उपास सोडताना समेट करत. असं सगळं सुरळीत चाललेलं होतं.

मग एप्रिल आला.

निंबळवाडीची अंगणवाडी पत्र्याची. भिंती विटांच्या, वर पत्रा, मधे लेकरं. त्या वर्षी ऊन असं पडलं की पत्र्याखाली खिचडी चुलीवर न ठेवता शिजली असती. अंगणवाडीच्या ताई शिल्पा, गावचीच सून. ती लेकरांना सारखी ओल्या फडक्यानं पुसायची, दारं-खिडक्या उघडायची, पण आत येणारा वाराच तव्यावरून उठून आल्यासारखा. एके दिवशी ग्यानोबांचा नातू शिवांश गाणं म्हणता म्हणता गप्प झाला, खाली बसला, आणि त्याचा घोळणा फुटला. शिल्पानं त्याला उचलून बाहेर निंबाच्या सावलीत आणलं, मान पुढं वाकवून नाक चिमटीत धरलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. रक्त थांबलं, पोरगं पाणी प्यालं, हसलंही. ग्यानोबा धावत आले ते हातात कांदा घेऊन.

"कांदा हुंगव त्याला!"

"मामा, पोरगं बरं झालंय."

"मग मलाच दे. मपलं डोस्कं गरगरायलंय."

पण शिल्पा हसली नाही. वरून निरोप आला होता की थंड जागा मिळत नसेल तर पाऊस पडेपर्यंत अंगणवाडी बंद ठेवा. बंद ठेवली तर काय होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आया खुरपायला जाणार, लेकरं बरोबर नेणार, आणि दिवसभर बांधावर बसवणार. पत्र्याखाली निदान शिल्पा तरी होती. बांधावर नुसतं ऊन.

त्या संध्याकाळी भजन संपता संपता अण्णाराव उभे राहिले. टाळ अजून हातातच होते. "निंबळवाडीच्या ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले, "लेकरांच्या डोक्यावर सावली धरायची जबाबदारी माझी. अंगणवाडी एक दिवससुद्धा बंद राहणार नाही. पांडुरंगाची शपथ."

पांडुरंगाची शपथ घेतल्यावर माणूस मोकळा होतो की अडकतो, हा मोठा विषय आहे. त्यावर वेगळं कीर्तन करता येईल. सिंधुताईंनी घरी गेल्यावर दोन वाक्यांत केलं. "शपथ घ्यायची होती तर स्वतःची घ्यायची. देवाला कामून गुंतवलं?"

दुसऱ्या दिवशी अण्णाराव सरपंचांकडं गेले. गावात समाजमंदिर होतं. स्लॅबचं, उंच छताचं, चारी बाजूंनी खिडक्या, आतून गार. बांधून तयार होऊन त्याला जमाना झाला होता.

"सरपंच, समाजमंदिराची किल्ली पाहिजे होती."

"हाय की," गुरुपादप्पा म्हणाले आणि कमरेची किल्ली वाजवूनसुद्धा दाखवली. "पण उघडता यायचं न्हाई. उद्घाटन व्हायचंय."

"कधी हाय?"

"पाहुण्यांची तारीख भेटली की."

"तारीख कधी भेटंल?"

"पाहुणे कोण ते ठरलं की."

समाजमंदिराच्या दाराला फीत बांधून ठेवली होती. बांधली तेव्हा ती लाल होती. उन्हापावसानं गुलाबी झाली आणि आता नुसती वयस्कर दिसत होती. गुरुपादप्पा माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी महादेवाला बेल वाहिल्याशिवाय चहा घेत नसे. त्याची अडचण वेगळीच होती. "आधीच उघडं असलेल्या दाराची फीत कापायची म्हणल्यावर पाहुण्याला कसं वाटंल, सांगा बरं?"

आणि गंमत अशी की अण्णारावांना हे पटलं. पुकारा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, या नेमावर त्यांचा संसार उभा होता. ते नमस्कार करून परत आले.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडं माणसाला दुसरं काही देता आलं नाही तर तो सल्ला देतो. त्यात मनाचा मोठेपणा आहे, फक्त घेणाऱ्याची अंगकाठी दणकट पाहिजे. ग्यानोबांचा सल्ला पहिला. पत्र्यावर कडबा अंथरायचा. जाड थर दिला की ऊन आत उतरत नाही. कडबा ग्यानोबांनीच दिला, अण्णारावांनी स्वतः शिडीवर उभं राहून तो वर पसरला, आणि खरं सांगायचं तर खोली गार झाली. त्या दुपारी अण्णारावांनी सिंधुताईंकडं चहा मागितला तोही घसा न खाकरता.

दुसऱ्या दिवशी लेकरं प्रार्थनेला बसली आणि वर धडाधडा आवाज सुरू झाला.

"आबा, वर कोण नाचायलंय?" असं अण्णारावांना विचारणारी होती मनतशा, मंडपवाल्या जलीलची पोरगी. निंबळवाडीत तिच्या आधी कुणी प्रश्न विचारला आणि तिच्या नंतर कुणी थांबला, असं कधी झालं नाही.

वर शेळ्या होत्या. मागच्या पडक्या भिंतीवरून कौतुकानं चढून त्या कडबा खात होत्या, आणि पत्र्याच्या फटींमधून वर्गात अधूनमधून काळ्या गोळ्यांचा प्रसाद टाकत होत्या. अण्णाराव काठी घेऊन धावले. शेळ्या ग्यानोबांच्याच निघाल्या.

"अहो, तुमच्या शेळ्या!"

"मग? शेळ्या खायल्यात म्हणजे कडबा चांगला हाय," ग्यानोबा अभिमानानं म्हणाले. "म्या वाईट माल देत न्हाई."

कडबा गेला. मग कुणीतरी सुचवलं की पत्र्यावर पाणी मारा. अण्णारावांनी नळी लावली. पत्र्याला जितके खिळे तितके झरे निघाले. भिंतीवर रंगवलेला अननस वाहत वाहत उंटाच्या पाठीवर आला. लेकरं हात वर करून नाचायला लागली, शिल्पा खिचडीचं पातेलं पोटाशी धरून कोपऱ्या-कोपऱ्यात फिरली, आणि मनतशानं विचारलं, "आबा, उद्या बी पाऊस पाडणार का?"

त्या दिवशी अण्णाराव जेवले नाहीत. सिंधुताईंनी ताक पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "अहो, घोळणा फुटलेल्या पोराला शिल्पानं कुठं नेलं होतं? निंबाखालीच ना? मग सगळ्यांनाच न्या की. एवढं मोठं झाड उभं हाय, ते काय माइकवर पुकारा करणार हाय का, मी इथं हाय म्हणून?"

गावाच्या मधोमध तो निंब. बुंध्याला पार बांधलेला, फांद्या अशा पसरलेल्या की खाली तिन्हीसांजेसारखी सावली. समोरच हाजराबीचं घर. हाजराबी म्हणजे जलीलची आई. नवा स्लॅब नुकताच पडला होता, भिंतींना पोपटी रंग, आत चकचकीत फरशी. अण्णाराव जलीलकडं मंडप मागायला गेले.

"कापड कोणतं देऊ, चाचा? लग्नाचं का कीर्तनाचं?"

"फरक काय?"

"लग्नाच्याला झालर हाय. कीर्तनाच्याला भोकं."

झालर मिळाली. लोखंडी पाइप रोवले गेले, निंबाच्या फांद्यांखाली कापड ताणलं गेलं, पाण्याचे रांजण आले, सिंधुताईंनी ताकाची कळशी पाठवली, आणि अण्णारावांसाठी जलीलनं माइकसुद्धा जोडून दिला. माइक हातात आला आणि रिटायर झाल्यापासून वाकलेली अण्णारावांची पाठ सरळ झाली.

आता लेकरांचं एक असतं. ती खेळायला लागली की तहान विसरतात. शिल्पाचं म्हणणं, तहान लागायच्या आधीच थोडंथोडं पाजलं पाहिजे, पण ऐकतंय कोण? तेव्हा अण्णारावांनी कीर्तनाची युक्ती काढली. ते एखादी कथा सांगत, आणि मधेच हात वर करून म्हणत, "बोलाऽऽ विठ्ठल!" की सगळ्यांनी 'विठ्ठल' म्हणून आपापल्या पेल्यातलं घोटभर पाणी प्यायचं. नामस्मरणाचा एवढा रोख लाभ आजवर कुठल्या कीर्तनकारानं दाखवला नसेल. लेकरांना इतकं आवडलं की कथा रंगात आली की कुणीतरी ओरडायचं, "आबा, विठ्ठल म्हणा की!" घोळणा नाही, चक्कर नाही. ऊन वाढलं की सगळ्यांनी बुंध्याजवळ सरकायचं, तिथं सावली दाट, हेही अण्णारावांनीच शिकवलं. "भ्यायचं न्हाई. काही झालं तर निंबाला बिलगायचं. निंब म्हणजे गावाची आई."

एवढं पाणी पोटात गेल्यावर ते बाहेरही येणार. अंगणवाडीच्या संडासाला पाणी नव्हतं. हाजराबीनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "पाठवा इकडं. मोरी काय माझी एकटीची हाय?"

पण एकाला लागली की सगळ्यांना लागे आणि सगळी एकदम पळत. तेव्हा एस.टी. कामी आली. अण्णाराव माइकवरून पुकारत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. निंबाखालून हाजराबीच्या मोरीकडं जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. प्रवाशांनी एकमेकांचा सदरा धरावा. धक्काबुक्की करू नये." लेकरं रांगेत उभी राहत, एकमेकांचे सदरे धरत, मनतशा पुढं ड्रायव्हर होऊन 'घुर्रर्र' करी, आणि गाडी वळणं घेत समोरच्या घरात जाई.

"भाऊ," हाजराबी हसून म्हणायची, "तुमच्या विठ्ठलानं माझी टाकी रिकामी केली!"

अंगणवाडी चालली. शपथ राहिली. इथं कथा संपवली असती तर अण्णारावांना फार आवडलं असतं. पण बातमी तालुक्याला गेली, आणि अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मॅडम स्वतः बघायला येणार असा निरोप आला. त्यांनी मान्य केलं तर अंगणवाडी पावसापर्यंत निंबाखालीच चालणार. गुरुपादप्पांनी अण्णारावांच्या सत्काराला शाल आणि नारळ आणून ठेवला. अण्णारावांनी टोपीला इस्त्री करून घेतली. सिंधुताईंच्या मते टोपीत जरा जास्तच कडकपणा आला होता, आणि तो खाली डोक्यातही उतरत चालला होता.

नेमका त्याच दिवशी हाजराबीच्या धाकट्या लेकीला, हुमाला, बघायला लोह्याहून पाहुणे येणार होते. जलील सकाळी आला.

"चाचा, मंडप पाहिजे होता. पाहुण्यांना अंगणात बसवलं असतं."

अण्णारावांनी मंडपाकडं बघितलं. झालर वाऱ्यावर नुकती हलत होती. "जलील, आज मॅडम येणारेत. उद्या ने की."

जलील खाली बघून म्हणाला, "बरं." पाहुण्यांना आत, नव्या फरशीवर बसवायचं ठरलं. अण्णारावांना जरा चुटपुट लागली. म्हणून ते हाजराबीच्या दारात जाऊन म्हणाले, "भाभी, आज एक बी लेकरू तुमच्या घरात पाय टाकणार न्हाई. माझा शब्द." हाजराबी म्हणाली, "बरं भाऊ," आणि जर्द्याचा भात वाफेवर ठेवायला आत गेली. केशरी, तुपातला, गोड भात. वास पारावर येत होता.

उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळीच सुटते. पण मॅडम 'निघाल्या आहेत' असा फोन आला, मग 'वाटेत आहेत' असा आला, आणि लेकरांना थांबवून ठेवलं. दुपार झाली. निंबाचं एक पान हलेना. मावळतीकडं आभाळ शाईसारखं दाटत आलं. शिल्पाचा मोबाईल कर्कश वाजला.

"काका, विजांचा इशारा आलाय. आमाला ट्रेनिंगमधी सांगितलंय, गडगडलं की झाडाखाली थांबायचं न्हाई. लेकरं पक्क्या घरात न्यायला पाहिजेत."

"अगं, आत्ताच नेली आणि मॅडम आल्या तर? मंडप रिकामा बघून काय म्हणतील? आणि निंब तो. त्यानं ऊन लागू दिलं न्हाई, तो वीज लागू देईल होय?"

"ऊन वरून पडतं काका, निंब ते अडवतो. वीज उंच झाड बघूनच येते!"

सिंधुताई पारापाशी आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, टोपी काढा जरा. डोक्याला वारा लागू द्या."

अण्णाराव रागानं काही बोलणार, तेवढ्यात लांब कुठंतरी आभाळ गडगडलं. फार मोठं नाही, मृदंगावर नुसती बोटं फिरवावीत तसं. आणि सगळी लेकरं उठली, धावली, आणि निंबाच्या बुंध्याला बिलगली. शिवांशनं तर दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले.

कुणी सांगितलं होतं त्यांना? यांनीच. काही झालं तर निंबाला बिलगायचं.

अण्णारावांनी वर बघितलं. उंच निंब, त्याच्या अंगाला लोखंडी पाइप, पाइपांवरून माइकची वायर, आणि मधे आपण जमवलेली गावची सगळी लेकरं. तोंडाशी 'पळा' आलं होतं. पण पळा म्हटलं तर लेकरं दाही दिशांना जाणार, कुणी दुसऱ्या झाडाखाली, कुणी पत्र्याखाली. त्यांनी सवयीनं माइक उचलला, वायरीकडं पाहिलं, आणि साप टाकावा तसा टाकून दिला. मग घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

सगळ्या लेकरांनी माना वळवल्या.

"निंबाखालचा फलाट बंद करण्यात आला आहे. पाइपांना कुणी हात लावू नये. प्रवाशांनी एकमेकांचा सदरा धरावा. गाडी ताबडतोब समाजमंदिराकडं सुटत आहे."

शिवांशनं मिठी सोडली आणि पुढच्याचा सदरा धरला. मनतशा 'घुर्रर्र' करत पुढं झाली. मागं शिल्पा, बाजूनं सिंधुताई आणि ग्यानोबा, आणि मधे अण्णाराव, आवाज जराही न चढवता, "सावकाश. खिडकीबाहेर डोकं काढू नये." समाजमंदिर जवळच. गुरुपादप्पा पुढं पळत गेले. त्या क्षणी त्यांना पाहुणे, तारीख, फीत काहीही आठवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो. किल्ली कुलपात गेली. फिरली नाही. इतकी वर्षं न उघडलेलं कुलूप गंजून दगड झालं होतं. गुरुपादप्पांनी किल्ली पिरगाळली, कुलपाला हात जोडले, लाथ मारली. कुलूप ढिम्म.

थेंब पडायला लागले, टपोरे, धुळीत खड्डे पाडणारे. अण्णारावांची नजर हाजराबीच्या घराकडं गेली आणि तिथंच अडली. दाराबाहेर पाहुण्यांच्या चपला ओळीनं मांडलेल्या. 'माझा शब्द' म्हणाले होते ना.

पण ड्रायव्हरनं कुणाला शब्द दिलेला नव्हता. मनतशाला एकच मार्ग ठाऊक. तिनं 'पीं पीं' केलं, गाडी वळवली, आणि मोरीच्या रोजच्या रस्त्याला लावली.

वारा उठला तो असा, की हाजराबीचं दार धाडकन आपटलं. ते आतून पुन्हा उघडलं. हाजराबी उंबऱ्यात आली, नव्या दाराला पाठ लावून उभी राहिली, पाय रोवले, आणि ओरडली, "भाऊ! तिकडं काय बघायलाव? आणा लेकरं! बिगी बिगी!"

"भाभी, पाहुणे…"

"पाहुणे बी माणसंच हायत! आणा म्हणते ना!"

दार वाऱ्यानं तिला ढकलत होतं, ती दाराला. डोक्यावरचा पदर उडून खांद्यावर आला, पाऊस तोंडावर मारत होता, आणि तिच्या बाजूनं एकेक करत गाडी आत शिरत होती. चिखलाचे पाय नव्या फरशीवरून, लोह्याच्या पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरीवरून, थेट मधल्या खोलीत. हुमानं फ्रीजचा, टीव्हीचा प्लग उपटला. शिल्पा म्हणत होती, "खिडकीपासून लांब, सगळी मधे बसा." शेवटी सिंधुताई, ग्यानोबा, गुरुपादप्पा आणि अण्णाराव. तरी हाजराबी दारातच.

"भाभी, लावा आता."

"मोजलं का?"

शिल्पानं मोजलं. पुन्हा मोजलं. तिचा चेहरा उतरला. "काका, शिवांश न्हाई."

ग्यानोबा एकेका लेकराचं तोंड वर करून बघायला लागले. अण्णाराव दाराकडं निघाले, आणि हाजराबीनं त्यांच्या सदऱ्याची बाही पकडली. "थांबा, भाऊ. आधी घर बघू द्या. हुमा, अंदर देख!"

आतून हुमाची हाक आली. शिवांश स्वयंपाकघरात होता. जर्द्याच्या पातेल्याशी बसून, झाकण एका हातानं वर धरून, दुसरा हात कोपरापर्यंत केशरी करून घेतलेला. "गाडी थांबली," तो म्हणाला, "म्हणून म्या नाष्टा करायलोय."

हाजराबीनं तेव्हा कुठं दार लावलं.

आणि लगेच, डोळे दिपवणारा उजेड आणि एकच कडाका. भिंती हादरल्या. काही लेकरं रडायला लागली. बाहेर काहीतरी प्रचंड मोडून पडल्याचा आवाज झाला, मग कापड फाटल्याचा, मग नुसता पाऊस.

अण्णाराव खाली बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते बघून मनतशा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबा, विठ्ठल म्हणा की. तहान लागलीय."

त्यांचा आवाज प्रथमच बारीक निघाला. "बोला… विठ्ठल."

हाजराबीनं पाण्याचा जग फिरवला. लेकरं प्यायली, शिल्पा प्यायली, गुरुपादप्पा प्यायले, आणि मेंदी लावलेल्या दाढीचे लोह्याचे बुजुर्ग पाहुणे, त्यांनीही हात पुढं करून पेला घेतला.

नंतरची कथा थोडकी. जर्दा लेकरांनी संपवला. पाऊस पुरता थांबला, गडगडणं निवलं, तेव्हा अंगणवाडीत झाकून ठेवलेलं खिचडीचं पातेलं आणलं, आणि हुमाला बघायला आलेले पाहुणे सरकारी खिचडी जेवले. बुजुर्ग हात धुऊन म्हणाले, "लडकी तो अभी बैठके देखी नहीं, बहन. पर घर देख लिया." हाजराबी पदरानं फरशीवरचा चिखल पुसायला वाकली होती, ती तशीच हसली.

निंबाची एक मोठी फांदी पारावर आडवी पडली होती, नेमकी बुंध्याशी. बुंध्यावर वरपासून खालपर्यंत सालीचा पांढरा पट्टा निघालेला. मंडप ग्यानोबांच्या गोठ्यावर, आणि झालर शेळ्यांच्या तोंडात. अण्णाराव पाराशी गेले. मग त्यांनी बुंध्याला नमस्कार केला. निंबाचा काही दोष नव्हता. तो उन्हाची सावली होता, त्याला सगळ्याच संकटांना पुरायला यांनी लावलं होतं.

मॅडमची गाडी ओढ्यापाशी अडकून परत गेली होती. त्या पुढच्या आठवड्यात आल्या. तोवर ग्यानोबांनी पहारीनं कुलूप तोडलं होतं, आणि उद्घाटनाचा प्रश्नच उरला नव्हता, कारण फीत शेळीनं खाल्ली. गार समाजमंदिरात लेकरं गात होती. मॅडम फार खूश झाल्या आणि त्यांनी शाल व नारळ सरपंचांना दिला. गुरुपादप्पांनी तो घेतलाही. अण्णारावांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली, तेव्हा सिंधुताईंनी न मागता चहा ठेवला. "शाल उन्हाळ्यात काय करायची होती?" त्या म्हणाल्या. ते हसले. मग उठून जलीलकडं गेले आणि दोघं मिळून फाटका मंडप शिवायला बसले.

आता दोन गोष्टी तिथं ठरल्या आहेत. ऊन असेल तर निंबाखाली, आणि पहिलं गडगडलं की फलाट बंद, गाडी पक्क्या घरात. पुकारा अण्णारावच करतात, आभाळातल्या मृदंगाच्या किंचित आधी. ग्यानोबा आता त्यावरून भांडत नाहीत.

मंडळी, कथा संपली. टाळ खाली ठेवायच्या आधी एक मागणं मागतो. तुमच्याही गावावर कधी आभाळ भरून येईल. वारा सुटेल, दार आपटेल, आणि आपण घाईनं कडी लावायला जाऊ. लावा, जरूर लावा. पण लावण्याआधी एकदा उंबऱ्यात या, रस्त्यावर, झाडाखाली कुणाचं लेकरू राहिलं आहे का बघा, आणि दाराला पाठ लावून भिजत उभ्या राहिलेल्या हाजराबीची आठवण काढा. तिनं विचारलं होतं तेवढंच विचारा: मोजलं का?